हळदोण्याचा वाझ

औशास कोणी पाहुणा आला म्हणजे त्याच्यापुढें आधीं गूळपाणी ठेवावयाचें आणि मग त्याचें नांव, गांव, आडनांव, मामाचें गांव आणि मावशीचें सासर हें सर्व क्रमानें विचारून घ्यावयाचें, अशी आमच्याकडील रीत आहे. पाहुण्याची सोयरीक ओळखीच्या एखाद्या घराशीं जुळली कीं विचारणाराचा जीव भांड्यांत पडतो. इतकीं चौकस माणसें सुरांच्या बाबतींत मात्र विलक्षण बेफिकीर असतात. एखादी चाल साठ-सत्तर वर्षें आपल्या दारापुढून वाजत जाते, तिच्या तालावर तीन पिढ्यांचे नवरदेव घोड्यावरून मिरवितात, तरी ती कोठून आली आणि तिचा बाप कोण, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

‘अलबेला’ ह्या १९५१ सालच्या बोलपटांतील चालींची गोष्ट अशीच आहे. हा बोलपट आम्हीं पहिल्यानें पाहिला तो जत्रेंतील तंबूमध्यें, जमिनीवर बसून आणि बराचसा भाग पुढील माणसाच्या पटक्याआडून. परंतु त्याचीं गाणीं त्यापूर्वींच आम्हांस पाठ होतीं, कारण गांवच्या बँडनें तीं आम्हांस शिकविलीं होतीं. निजामाचें राज्य जाऊन तेव्हां फार वर्षें झालीं नव्हतीं. घरोघरीं रेडिओ नव्हता. मुंबईंत काय गाजत आहे हें औशास कळे तें वरातीच्या मार्गानें.

त्या वेळीं बँडचा ताफा नऊ-दहा जणांचा होता. पुढें दोन क्लॅरिनेट, त्यामागें दोन ट्रंपेट, एक मोठ्या तोंडाचें जाड्या आवाजाचें बाजें, बाजूस लहान ढोल आणि झांजा, आणि सर्वांच्या मागें पोटावर मोठा ढोल बांधलेला एक घामाघूम मुलगा. वाद्यें मीरतेहून येत. तेथील जली कोठी भागांत हीं पितळी वाद्यें घडविण्याचा धंदा फार जुना आहे. गोऱ्या पलटणींबरोबर हीं वाद्यें ह्या देशांत आलीं, त्यांचें पाहून संस्थानिकांनीं तीं आपापल्या फौजांत घेतलीं, आणि फौजांतून बाहेर पडून तीं लग्नाच्या मांडवाबाहेर येऊन उभीं राहिलीं. मांडवाबाहेर हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला आहे. बँड मांडवांत येत नसे. वऱ्हाडी जेवले, घरचे जेवले, वाढपी जेवले, म्हणजे मग बँडवाल्यांची पंगत बसे आणि तोंवर जिलबी बहुधा संपलेली असे. ज्याच्या वाजविण्यावांचून नवरदेवाचें पाऊल वेशीच्या आंत पडत नाहीं, त्याचें पान सर्वांच्या शेवटीं, हा हिशेब आमच्या भागांत कोणास खटकत नव्हता. ताफ्याच्या नायकास सारा गांव ‘मास्तर’ म्हणे. त्या हांकेंत थोडा आदर होता आणि पुष्कळशी थट्टा होती.

‘अलबेला’च्या संगीताचे मानकरी कोण, हें विचारलें तर मराठी माणूस अभिमानानें उत्तर देईल : सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे. उत्तर बरोबर आहे. चित्रपट काढणारे, बेतणारे आणि त्यांत नाचणारे मास्टर भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव, हेही मराठीच, गिरणगांवांत वाढलेले. त्यांची ती जागच्या जागीं डुलण्याची सोपी ढब एवढी लोकप्रिय झाली कीं आजही वरातींत ज्यास नाचतां येत नाहीं तो तेंच नाचतो. परंतु ह्या चालींमध्यें गाणारा श्वास घेण्यापुरता थांबला कीं जो एक झणझणीत, किंचित् उद्धट, उन्हासारखा लख्ख सूर मध्येंच घुसतो, आणि जो आमच्या मास्तरांनीं सर्वांत आधीं उचलला, तो सूर ना पुणतांब्याचा, ना गिरणगांवाचा. तो गोव्याचा होता, आणि त्याचें आजोळ त्याहून फार लांब, अमेरिकेंत होतें.

ह्या सुराचा धनी १९१६ सालीं बार्देशांतील हळदोणें ह्या गांवीं जन्मला. पोर्तुगीज ज्यास आल्दोना म्हणत तेंच हें गांव. त्याचें नांव अँतोनियो झेवियर वाझ. (त्याचा उल्लेख आम्ही एकेरी करीत आहों तो जवळिकीनें, ज्या कलावंतावर जीव जडला त्यास अहोजाहो करणें मराठी माणसास कधीं फारसें साधलेलें नाहीं.) गोव्यांत चर्चला जोडून शाळा असत आणि तेथें मुलांस प्रार्थनेबरोबरच संगीताचें लेखन-वाचन शिकवीत. ज्या वयांत आमच्याकडील मुलगा पावकी-निमकी घोकतो, त्या वयांत तिकडील मुलगा पांच रेघांवर मांडलेले सूर पाहून गाऊं लागे. हें शिक्षण देवळांतील गायनापुरतें होतें. पण त्यानें पिढ्यान् पिढ्या ब्रिटिश हिंदुस्थानांतील पलटणीचे बँड, मूकपटांचीं थिएटरें, संस्थानिकांचे वाद्यवृंद, आगबोटी आणि हॉटेलें ह्यांस वादक पुरविले. पोर्तुगीज राज्यांत सुरांची सोय होती, पोटाची नव्हती; म्हणून वाद्याची पेटी बगलेंत मारून मुंबई गांठावी लागे. तेथें धोबी तलावाच्या आसपास गोवेकरांच्या ‘कुडी’ असत. कूड म्हणजे एकेका गांवच्या लोकांनीं चालविलेली बिऱ्हाडाची जागा, तीमध्यें देवाची एक तसबीर, भिंतीशीं ओळीनें लावलेल्या ट्रंका, आणि नोकरी मिळेपर्यंत पथारी पसरण्यापुरती फरशी.

वाझच्या आईची इच्छा मुलानें मेकॅनिक व्हावें अशी होती, असें सांगतात. आईचें काय चुकलें? मोटारी वाढत होत्या, आणि मोटार बिघडल्यावांचून राहत नाहीं. परंतु मुलगा लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्यांना कान लावून बसे. हा आर्मस्ट्राँग १९०१ सालीं न्यू ऑर्लिन्स शहरीं एका अत्यंत दरिद्री कृष्णवर्णीय कुटुंबांत जन्मला. १९१३ सालीं त्यास मुलांच्या सुधारगृहांत ठेवण्यांत आलें आणि तेथील बँडांत त्याच्या हातीं कॉर्नेट पडला. त्या शहरांत प्रेतयात्रेपुढें पितळी बँड वाजविण्याची चाल होती; स्मशानापर्यंत संथ आणि व्याकुळ वाजवीत जावयाचें, आणि परततांना उसळत्या लयींत यावयाचें. गुलामगिरींतून सुटलेल्यांच्या मुलाबाळांनीं पलटणीचीं टाकाऊ वाद्यें हातीं घेऊन रस्त्यावर जें वाजविलें, त्यांतून पुढें जॅझ नांवाचें संगीत घडलें. म्हणजे तिकडे मयताचा बँड आणि इकडे वरातीचा, एवढाच फरक. वाद्यें तींच, रस्ता तोच आणि समाजांतील जागाही जवळजवळ तीच.

आमच्या गांवाला आफ्रिकेची सोयरीक अगदींच नवी आहे असेंही नाहीं. औशाचा किल्ला एके काळीं मलिक अंबराच्या ताब्यांत होता, आणि मलिक अंबर हा हबसाणांत जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याच्या कर्तृत्वाबद्दल आमच्याकडील मुलास शाळेंत चार ओळी तरी वाचावयास मिळतात. सुरांच्या वाटेनें आलेल्यांस तेवढ्याही ओळी मिळत नाहींत.

मुंबईस हें संगीत प्रत्यक्ष माणसांच्या रूपानें आलें तें १९३५ सालीं. १९०३ मध्यें उघडलेल्या ताजमहाल हॉटेलांत त्या वर्षीं लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड नांवाचा पियानोवादक आला. हा वेदरफर्ड पुढें कलकत्त्यास गेला आणि १९४५ सालीं तेथेंच पटकीनें वारला. स्वतःच्या देशांत ज्यांस पुष्कळ हॉटेलांच्या पुढील दारानें प्रवेश नव्हता, अशा ह्या कलावंतांनीं अपोलो बंदरावर साहेबांस आणि राजेरजवाड्यांस नाचविलें. त्यांच्या शेजारीं बसून, त्यांच्या ताफ्यांत वाजवून गोव्याचे वादक जॅझ शिकले. कागदावरचे सूर त्यांस येतच होते. कागदावर नसलेले सूर त्यांस ह्या पाहुण्यांनीं दिले.

येथें थोडा खुलासा केला पाहिजे, कारण जॅझ म्हणजे गोंगाट अशी आमच्या पिढींतील सुशिक्षितांची सरसकट समजूत आहे. आपला गवई एका रागाच्या चौकटींत, तालाच्या आवर्तनांत, मनास येईल तशी बढत करून समेवर येतो. जॅझवादकाचेंही थोडेंफार तसेंच आहे. त्याच्यापुढें स्वरमेळांची एक ठरलेली सांखळी असते, ती पुनःपुन्हां फिरत राहते, आणि प्रत्येक वादक आपली पाळी आली म्हणजे त्या सांखळीवर आयत्या वेळीं सुचेल तें रचितो. फरक एवढाच कीं आपल्याकडे खालचा षड्ज अचल असतो, त्यांच्याकडे खालची जमीनच सरकत असते. सरकत्या जमिनीवर पाय न घसरतां नाचणें ही त्यांची कला. ट्रंपेटवर तर तें आणखी अवघड, कारण त्या नळींत तीनच खटके असतात. बाकीचे सूर ओंठांच्या ताणानें आणि छातींतील वाऱ्यानें काढावे लागतात. सूर वर चढवावयाचा तर ओंठ अधिक आवळावे लागतात. अशी पांच-सहा तास वाजवणूक झाली म्हणजे ओंठ कसे होत असतील ह्याची कल्पना ज्यानें रात्रभर बँड वाजविणाऱ्या माणसास पहांटे चहा पितांना पाहिलें आहे त्यासच येईल.

वाझनें रंगभूमीवरील नांव घेतलें ‘चिक चॉकलेट’. हॉटेलच्या गिऱ्हाइकांस हळदोण्याचा वाझ नको होता. त्यांस अमेरिकेचा वास असलेलें, जिभेवर विरघळणारें कांहीं तरी हवें होतें. तो आर्मस्ट्राँगसारखें वाजवी, आर्मस्ट्राँगसारख्या खरखरीत आवाजांत गाई. लोक त्यास हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. १९४५ च्या सुमारास ताजमध्यें त्याचा अकरा वादकांचा ताफा वाजूं लागला. महायुद्धाचे ते अखेरचे दिवस होते. मुंबई गोऱ्या शिपायांनीं भरली होती, आणि उद्यां जगूं कीं मरूं हें ज्यांस ठाऊक नाहीं तीं माणसें रात्रीच्या रात्री नाचत होतीं.

‘हिंदुस्थानचा अमुक’ ही पदवी आम्हांस कधीं आवडली नाहीं. तींत देणाराचें औदार्य कमी आणि आळस अधिक असतो. कित्येक विद्वान् टीकाकार वाझसारख्यांस नक्कल करणारे म्हणून बाजूस सारतात. त्यांस आमचें एवढेंच विचारणें आहे, कीं सवाई गंधर्वांच्या गळ्यांत अब्दुल करीमखांसाहेबांचा स्वर उतरला तेव्हां त्यास कोणी नक्कल म्हटलें काय? शिष्यानें वर्षानुवर्षें गुरूचा गळा गिरवावा, ह्यास आपण तालीम म्हणतों, परंपरा म्हणतों, घराणें म्हणतों. वाझचा गुरु सात समुद्रांपलीकडे होता म्हणून तीच गोष्ट नक्कल ठरते, हा न्याय विचित्र आहे. एकलव्यानें मातीचा पुतळा समोर ठेविला, ह्यानें लाखेची तबकडी ठेविली. एकलव्यास अंगठा द्यावा लागला; ह्यास नांव द्यावें लागलें.

१९४७ सालीं साहेब गेला. १९४९ मध्यें मुंबई राज्यांत दारूबंदीचा कायदा झाला आणि हॉटेलांतील रात्रींचा रंग उतरला. आम्ही स्वतः दारूबंदीच्या बाजूचे. परंतु कोणत्याही चांगल्या कायद्याखालीं कोणाची तरी चूल दबतेच, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. गोव्याचे वादक मोठ्या संख्येनें बोलपटांकडे वळले. तेथें त्यांची गरजही तेवढीच होती. आपले संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल बांधीत. त्या चालीस पंचवीस-तीस वाद्यांचा साज चढवावयाचा तर व्हायोलिननें काय वाजवावें, सॅक्सोफोननें कोठें उठावें, गाणें थांबेल तेथील रिकामी जागा कशी भरावी, हें सर्व कोणी तरी लिहून काढलें पाहिजे. सतार-तबल्याचे वादक कानानें ऐकून ध्यानांत ठेवीत. गोवेकर कागद समोर ठेवून पहिल्या वाचनांतच वाजवीत. मुख्य म्हणजे एकाच वेळीं वेगवेगळे सूर एकमेकांस शोभतील असे बसविणें, हा स्वरमेळाचा भाग आपल्या संगीतांत नव्हता; तो ह्या लोकांनीं आणला. त्या काळचें बोलपटांतील एखादें गाणें घ्या आणि त्यांतून गोवेकरांचें काम काढून टाका : चाल राहील, पण ती ओसरीवर बसून म्हटलेली राहील.

चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. रामचंद्र विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखालीं शिकलेले, पक्क्या हिंदुस्थानी बैठकीचे. परंतु त्यांचे कान चारी दिशांस उघडे होते. १९४७ च्या ‘शहनाई’मध्येंच त्यांनीं विलायती ठेक्यास मराठी खट्याळपणा जोडला होता. १९५० च्या ‘समाधी’मधील एका लोकप्रिय गाण्याची चाल तर सरळ एका अमेरिकन चित्रपटांतील गीतावरून घेतलेली आहे, आणि तरी तें गाणें ऐकतांना परकें वाटत नाहीं. पुढल्या वर्षीं ‘अलबेला’ आला आणि त्यांतील नाचाच्या गाण्यांत ट्रंपेटनें कहर केला. त्यांतील एका गाण्यांत तर चिक आणि त्याचे साथीदार झालरी लावलेल्या फुगीर बाह्यांचे सदरे घालून पडद्यावरच उभे आहेत. आम्हीं तंबूंत बसून त्यांस पाहिलें होतें, पण तेव्हां आमची समजूत तीं सोंगें आहेत अशी होती. हीच माणसें खरोखर तें वाद्य वाजविणारीं, हें कळावयास आम्हांस पुढें कित्येक वर्षें लागलीं. त्यांचीं नांवें कोणी सांगितलींच नव्हतीं.

त्याच वर्षीं देव आनंद आणि मधुबाला ह्यांच्या ‘नादान’ चित्रपटास स्वतः चिक चॉकलेटनें संगीत दिलें. परंतु स्वतंत्र संगीतदिग्दर्शक म्हणून त्याचा जम बसला नाहीं. दिग्दर्शकांच्या मागें उभें राहणाऱ्यांची ही एक मोठी पंगतच होती. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस हे सर्व गोव्याचेच. त्यांतील गोन्साल्विस मोठा जिद्दीचा. त्यानें १९५८ सालीं मुंबईंत रागांवर आधारलेल्या सिंफनीचे जलसे केले, आणि प्यारेलाल ह्यांस व्हायोलिन शिकविलें. प्यारेलालांनीं गुरुदक्षिणा दिली ती १९७७ सालच्या एका चित्रपटांतील विनोदी गाण्यांत गुरूचें नांव घालून. सारा देश तें नांव गुणगुणला, आणि तें एका खऱ्या माणसाचें आहे हें फारच थोड्यांस ठाऊक होतें. नांव लोपण्याचे प्रकार निराळे असतात. हा प्रकार त्यांतल्या त्यांत आनंदाचा म्हणावा.

आम्हांस विचाराल तर बोलपटांनीं ह्या लोकांस भाकरी दिली, पण त्यांची खरी विद्या वापरली नाहीं. जॅझचा जीव आयत्या वेळच्या सुचण्यांत. साडेतीन मिनिटांच्या गाण्यांत, कागदावर लिहून दिलेल्या चार-दोन ओळींत तें सुचणें कोठें मावणार? पाळीव पोपटास गोड बोलतां येतें, पण त्याचें उडणें आपण पाहिलेलें नसतें, तसें कांहींसें हें झालें. तरीही ‘अलबेला’तील ट्रंपेट ऐका. गाणाराच्या ओळीला तो नुसता हो ला हो करीत नाहीं; तो उलटून बोलतो, चिडवितो, पुढची ओळ ओढून काढतो. आमच्या मास्तरांनीं हें बरोबर हेरलें होतें. एकदां ते आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, “गुरुजी, हे बाजं साथ करंत नाही, हे सवाल-जवाब करतंय.” औशास नाथ संस्थानाचें चक्रीभजन प्रसिद्ध आहे. चक्राकार फिरत एकानें ओळ टाकावी आणि दुसऱ्यानें ती वाढवून परत द्यावी, हें ज्यांनीं लहानपणापासून पाहिलें त्यांस न्यू ऑर्लिन्सची ही खूण पटावयास वेळ लागला नाहीं.

मास्तर वारले त्यास आतां बरीच वर्षें झालीं. त्यांचा मुलगा ताफा चालवितो, पण डीजेच्या भिंती आल्यापासून पितळी वाद्यांस मागणी राहिली नाहीं. वर्षांतून पांच-सात वराती मिळतात. एरव्हीं वाद्यें पोत्यांत गुंडाळून माळ्यावर असतात. ह्या माळ्यावरूनच एक ट्रंपेट खालीं आला आणि आमच्या घरांत मोठा पेंच उभा राहिला.

आमची भाची लातुरास असते. तिचा मुलगा बारावीला. लातुरास बारावीचा मुलगा म्हणजे काय, हें ज्यांनीं ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द ऐकले आहेत त्यांस सांगावयास नको. पहांटे क्लास, दुपारीं कॉलेज, रात्रीं सराव-परीक्षा. परगांवचीं मुलें खोल्या घेऊन तेथें राहतात तीं डॉक्टर होण्यासाठीं, आणि गांवच्या मुलानें डॉक्टर होऊं नये तर मग काय करावें? हा मुलगा सुटींत औशास आला असतां मास्तरांच्या मुलाकडे गेला आणि तेथें हा ट्रंपेट त्याच्या नजरेस पडला. पुढील रविवारीं पुन्हां आला, त्याच्या पुढील रविवारींही आला. महिन्याभरांत लातुरास त्याच्या चांचणीचे गुण उतरले आणि भाची आमच्यापुढें येऊन बसली.

“मामा, तुम्ही त्याला सांगा. तुमचं तो ऐकतो. आपल्या घरातला मुलगा काय वरातीपुढं वाजवणार आहे?”

आम्हीं मुलास बोलाविलें. उपदेश करण्याचें आमचें वय आहे, पण त्या दिवशीं उपदेश सुचला नाहीं. आम्हीं त्यास हळदोण्याच्या वाझची गोष्ट सांगितली, वर लिहिली आहे तशीच, कांहीं न लपवितां. आईला मेकॅनिक हवा होता हें सांगितलें. ताजमधील अकराजणांचा ताफा सांगितला. आणि १९६६ च्या ‘आखरी खत’मध्यें नाइट क्लबच्या एका दृश्यांत तो अखेरचा वाजवितांना दिसतो, त्यानंतर १९६७ च्या मे महिन्यांत, पन्नाशी नुकतीच उलटली असतां, तो वारला, हेंही सांगितलें. ज्या गाण्यांनीं देश डोलला त्यांच्या तबकड्यांवर त्याचें नांव शोधावें लागतें, हें तर दोनदां सांगितलें, कारण तें त्यास कळावें अशी आमची इच्छा होती. मुलानें मध्येंच मोबाइल काढून ‘अलबेला’तील तें गाणें लाविलें आणि झालरीच्या बाह्यांतील त्या माणसाकडे बराच वेळ टक लावून पाहिलें.

“आबा, हा गाल फुगवत नाही बघा. आमच्याकडं सगळे गाल फुगवतात.”

एवढीच त्याची प्रतिक्रिया. आमच्या साऱ्या गोष्टींतून त्यानें जें घेतलें तें हें. भाची स्वयंपाकघराच्या दारांत उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “मेकॅनिक झाला असता तर निदान दुकानाच्या पाटीवर तरी नाव राहिलं असतं.”

ह्या वाक्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनही सुचलेलें नाहीं. तिचा नवरा खाजगी नोकरींत आहे. घराचे हप्ते आहेत, धाकटी मुलगी आहे. कलेचें मोल तिला कळत नाहीं असें म्हणणें सोपें आहे. पण आमच्याच तोंडून तिनें आतांच ऐकलें होतें कीं एवढ्या मोठ्या वादकाच्या वांट्यास काय आलें. जें आम्हीं मुलास सावध करण्यासाठीं दोनदां सांगितलें तें मुलानें सोडून दिलें आणि आईनें उचललें.

त्या संध्याकाळीं पुष्कळ बोलणें झालें, थोडें रडणेंही झालें. अखेर तोड निघाली ती अशी : परीक्षा व्हावयाची, ती मन लावून द्यावयाची, रविवारीं दुपारची गाडी धरून औशास यावयाचें, दोन तास वाजवावयाचें आणि रात्रीं परत. ट्रंपेट लातुरास न्यावयाचा नाहीं. परीक्षेच्या निकालानंतर काय, हा प्रश्न कोणीं काढला नाहीं. मुलानें कबूल केलें. मात्र मास्तरांच्या मुलास शिकविण्याबद्दल कांहीं दिलें पाहिजे, असें भाचीनेंच म्हटलें, आणि पहिल्या रविवारीं तिनें त्यास घरीं बोलावून आंत, सर्वांबरोबर, जेवावयास वाढलें. तो बिचारा इतका संकोचला होता कीं पुरणपोळी दुसऱ्यानें घेईना.

गांवांत वाजवावयाचें तर शेजाऱ्यांची तक्रार, म्हणून तीं दोघें किल्ल्याकडे जातात. औशाचा किल्ला इतर किल्ल्यांसारखा उंचावर नाहीं. तो खोलगट जागीं बांधलेला आहे, आणि खंदकाच्या कांठीं वाजविलेला सूर समोरच्या तटावर आपटून परत येतो. मास्तरांचा मुलगा एका दगडावर बसून हातानें ठेका धरतो आणि गाल फुगले कीं ओरडतो. आमचे गुडघे दुखत असल्यामुळें आम्हांस तेथवर जाणें होत नाहीं. वारा त्या बाजूचा असला म्हणजे ओसरीवर ऐकूं येतें. ‘अलबेला’तील ती ओळ आतां बरीचशी बसली आहे, वरचा सूर मात्र अजून फाटतो, आणि मग थोडा वेळ कांहींच ऐकूं येत नाहीं, बहुधा मुलगा ओंठ पुसत असावा.